शेतकरी खरोखरच कर भरत नाही का? आणि न्याय्य कर कशाला म्हणावे?

प्रश्न विचारणारे: पूर्णाकाठ, अकोला जिल्हा

नमस्कार मंडळी. दिवाळीला माझा भाचा पुण्याहून आला होता. तो एका संगणक कंपनीत नोकरीला आहे, स्वभावाने गुणी आहे आणि माझ्याशी कधी वावगे बोललेला नाही. पण फराळ झाल्यावर ओसरीत बसलो असताना तो सहज बोलून गेला, "मामा, कर आम्ही भरतो आणि अनुदान तुम्हाला मिळते, हा न्याय कसा?" त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. तो परत गेल्यावर मी फडताळातून या हंगामाची बिले काढली, चष्मा लावून बसलो आणि प्रत्येक बिलात कराचा आकडा कुठे आहे ते शोधले.

माझे सात एकर कोरडवाहू वावर खारपाणपट्ट्यात आहे. आमच्याकडे विहीर खोदली तरी तिचे पाणी पिकाला चालत नाही, त्यामुळे कपाशी आणि तूर पावसावरच घेतो. डीएपी खताची सात पोती १,३५० रुपयांप्रमाणे घेतली, ती ९,४५० रुपयांची झाली. त्यात पाच टक्के जीएसटी, म्हणजे ४५० रुपये, आधीच धरलेला आहे. युरियाची दहा पोती २६६ रुपये ५० पैशांप्रमाणे झाली, त्यात सुमारे १२७ रुपये कर आहे. कीटकनाशके, बुरशीनाशक आणि तणनाशक मिळून ११,८०० रुपये लागले, त्यांवर १८ टक्के दराने १,८०० रुपये कर आहे. बियाण्यावर कर नाही. या सगळ्याची बेरीज २,३७७ रुपये होते. नांगरणी-पेरणीसाठी ज्याला पैसे दिले त्या ट्रॅक्टरच्या डिझेलमधला कर यात धरलेला नाही, आणि घरात लागणाऱ्या वस्तूंचाही नाही.

यंदा सप्टेंबरच्या पावसात पऱ्हाटीची खालची बोंडे झाडावरच सडली आणि एकरी तीन क्विंटलसुद्धा कापूस घरात आला नाही. सालदाराचे देणे आणि कृषी केंद्राची उधारी चुकती केल्यावर हातात काहीही राहिले नाही. भाच्याला उत्पन्न झाले तरच प्राप्तिकर लागतो. माझ्याकडून हे २,३७७ रुपये घेताना यंदा मला काही उरले का, हे कोणी विचारले नाही, आणि विचारण्याची सोयही त्या करात नाही. तरीही कर भरणारा म्हणून मोजदाद त्याची होते, माझी होत नाही.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडली. आमच्या ग्रामपंचायतीने जुन्या घरपट्टीच्या थकबाकीवर निम्मी सूट जाहीर केली. मी दर वर्षी तूर विकली की पहिल्यांदा घरपट्टी आणि पाणीपट्टी भरतो, एका वर्षाचीही बाकी माझ्या नावावर नाही. सूट जाहीर झाल्याचे ऐकून सौभाग्यवतीने विचारले की, "मग इतकी वर्षे वेळेवर भरून आपण चूक केली का?" तिलाही मला उत्तर देता आले नाही. सरकारने नागरिकांकडून कर घ्यावा याबद्दल माझे दुमत नाही, पण तो कोणाकडून, किती आणि कोणत्या आधारावर घेतला म्हणजे त्याला न्याय्य म्हणता येईल, हे जाणकारांनी समजावून सांगावे.


उत्तर: सरकी-रुई, हिंगणघाट

मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यात, हिशेब लिहितो, म्हणून आधी बिलांबद्दलच सांगतो. आपली आकडेमोड बरोबर आहे. मात्र त्या २,३७७ रुपयांचे पुढे काय होते, हे पाहिल्याशिवाय अन्याय नेमका कुठे आहे ते कळणार नाही.

जीएसटीची मांडणी अशी आहे की व्यापाऱ्याने खरेदीवर भरलेला कर त्याला विक्रीवरच्या करातून वजा करता येतो, म्हणजे साखळीतल्या कोणावरही तो बोजा मुक्कामाला राहत नाही आणि शेवटी वापरणाऱ्याकडे जातो. आपला कापूस आमच्याकडे येतो तेव्हा त्यावरचा पाच टक्के कर आपल्याकडून घेतला जात नाही. जिनिंगवाल्याने तो उलट पद्धतीने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, स्वतः भरायचा असतो, आणि त्याची वजावटही त्यालाच मिळते. शेतकऱ्याला नोंदणीची सक्ती नाही, हे त्याच्या सोयीचे वाटते आणि एका अर्थाने आहेही, कारण दर महिन्याला विवरणपत्र भरणे सात एकरवाल्याला झेपणार नाही. परंतु नोंदणी नाही म्हणून वजावट नाही, आणि वजावट नाही म्हणून कीटकनाशकावरचे १,८०० रुपये आपल्याच अंगावर राहतात. कापसाचा भाव आपण ठरवत नसल्यामुळे ते पुढे ढकलणेही आपल्या हातात नाही. माझा मालक फवारणीचे औषध विकत घेणारा व्यापारी असता तर हाच कर त्याच्या वहीत येणे म्हणून दिसला असता. एकाच देशात, एकाच कायद्याखाली, उत्पादन करणाऱ्या दोघांपैकी एकाला कर परत मिळतो आणि दुसऱ्याला मिळत नाही, ही माझ्या मते यातली खरी विषमता आहे.

डिझेल तर जीएसटीच्या बाहेरच आहे, त्यामुळे त्यावरच्या कराची वजावट कोणालाच नाही. फेब्रुवारी २०२१ पासून डिझेलवर लिटरमागे चार रुपये कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर म्हणून घेतले जातात. आपल्या वावरात नांगर फिरवणारा ट्रॅक्टर शेतीच्या नावाने बसवलेला उपकर भरतो आणि तो आपल्याकडूनच भाड्यात वसूल करतो. शिवाय उपकराची रक्कम केंद्र सरकार राज्यांना वाटून देत नाही, ती वाटणीच्या करांतून वगळलेली असते.

आता भाच्याच्या बाजूनेही बोलायला हवे. युरियाच्या ज्या पोत्यावर आपण साडेबारा रुपयांच्या आसपास कर भरला, त्या पोत्यामागे सरकार कंपनीला कित्येक पट अनुदान देते. तो पैसा कोणाच्या तरी करातूनच येतो. म्हणून खतापुरते पाहिले तर आपण दिले त्याहून अधिक आपल्याला मिळाले आहे, हे मान्य केले पाहिजे. औषधांच्या बाबतीत मात्र तसे काही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर, त्याचे टायर आणि ठिबक संच पाच टक्क्यांवर आले, त्याचे मी स्वागत करतो; पण ज्याच्याकडे ओलित नाही आणि स्वतःचा ट्रॅक्टरही नाही, त्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मोठा खर्च रासायनिक औषधांचा असतो आणि त्यावरचा दर १८ टक्केच राहिला.

कर लावला म्हणजेच भार पडतो असेही नाही. कापसाच्या आयातीवर २०२१ पासून ११ टक्के शुल्क होते. ते १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ झाले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि नंतर मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. आमच्या यार्डात नवा कापूस दसऱ्यानंतर येऊ लागतो. नेमक्या त्याच तीन महिन्यांत बाहेरच्या गाठी शुल्काशिवाय देशात येत होत्या. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा ही भूमिका मला समजते, कारण तिथेही लाखो कामगार आहेत, पण त्या माफीची किंमत कापूस विकणाऱ्याने मोजली आणि ती कोणत्याही बिलावर लिहिलेली नसते.


उत्तर: निवृत्त शिक्षक, अमरावती जिल्हा

आपल्या प्रश्नातील एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. कर घेताना यंदा काही उरले का हे कोणी विचारत नाही, ही तक्रार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना शेतसाऱ्याबद्दल मांडली होती. प्राप्तिकराच्या बाबतीत ज्याला त्या वर्षी उत्पन्न झाले नाही त्याला कर लागत नाही, शेतकऱ्याला मात्र पीक बुडाले तरी सारा चुकत नाही, आणि सारा आकारताना जमीनदार व गरीब कुणबी यांना एकाच मापाने मोजले जाते, असा त्यांचा आक्षेप होता. बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्रज्ञ सेलिगमन यांच्या हाताखाली सार्वजनिक वित्ताचा अभ्यास केला होता. पुढे काही वर्षांनी त्याच विद्यापीठात त्याच गुरूंकडे गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा शिकले आणि ते आपल्या वर्ध्याच्या मगनवाडीत येऊन ग्रामोद्योगांचे काम करू लागले. कर ऐपतीप्रमाणे असावा आणि गावातून उचललेला पैसा गावाकडे वळतो की नाही हे पाहावे, या दोन कसोट्या या दोघांच्या लेखनातून आणि कामातून मला मिळाल्या. त्या मी आजही वापरतो.

शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर का नाही, याचा इतिहास आपल्या भाच्याला अवश्य सांगावा. १८६० मध्ये हिंदुस्थानात पहिला प्राप्तिकर लागला तेव्हा शेतीचे उत्पन्न त्यातून सुटलेले नव्हते. १८८६ च्या कायद्याने ते वगळले, आणि त्यामागे शेतकऱ्याबद्दलची कणव नव्हती. शेतकरी आधीच सारा भरत होता, एकाच जमिनीवर दोनदा कर कसा घ्यायचा, हा तो विचार होता. वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरत असे. सारा रोख रकमेत भरायचा असे आणि जमाबंदी, म्हणजे साऱ्याची आकारणी, साधारणपणे तीस वर्षांसाठी ठरवली जात असे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाला सोन्याचा भाव आला, त्यानंतर तो कोसळला, आणि शतकाच्या अखेरीस १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडले. पाऊस आणि बाजार दोन्ही बदलत राहिले, पण साऱ्याचा आकडा जमाबंदीने बांधलेला होता. इंग्रज सरकारशी झालेल्या १९०२ च्या करारानंतर याच वऱ्हाडापोटी निजामाला दर वर्षी २५ लाख रुपये दिले जात होते. ती रक्कम किती असावी, हे ठरवताना ती ज्याच्या वावरातून निघत होती त्याचे मत कोणी घेतले नव्हते.

आपण खारपाणपट्ट्यातले आहात, म्हणून दहीहांड्याची आठवण करून देतो. १९३० मध्ये समुद्र शेकडो मैल दूर असताना अकोला जिल्ह्यातल्या लोकांनी तिथल्या खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ तयार करून मिठाचा कायदा मोडला. शेतीला शाप ठरलेल्या खारट पाण्याचाच त्यांनी उपयोग केला. मीठ श्रीमंताला आणि मजुराला जवळपास सारखेच लागते. उन्हात राबणाऱ्याला तर थोडे जास्तच लागते. म्हणून वस्तूवरचा कर सर्वांना एकाच दराने लावला की तो समान दिसतो, पण त्याचे वजन ज्याची मिळकत कमी त्याच्यावर जास्त पडते. जीएसटीबद्दलची आजची तक्रार मुळात हीच आहे.

आज शेतसारा नाममात्र उरला आहे आणि शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे. राज्यघटनेने शेतीच्या उत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकार केंद्राला न देता राज्यांना दिला आहे. हे सारे असले तरी ही मुक्ती सरसकट असावी असे मला वाटत नाही. आपल्या सात एकरांना तिचा काडीचाही फायदा नाही, कारण आपले उत्पन्न प्राप्तिकराच्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. तिचा लाभ ज्यांना होतो ते वेगळेच लोक आहेत. १९७३ मध्ये शेतीवरच्या कराचा विचार करणाऱ्या राज समितीच्या शिफारशीनंतर दुसरे उत्पन्न असलेल्याच्या कराचा दर ठरवताना त्याचे शेतीचे उत्पन्न मोजण्याची तरतूद झाली, आणि २०१४ मध्ये पार्थसारथी शोम यांच्या अध्यक्षतेखालील कर प्रशासन सुधारणा आयोगाने ५० लाखांवरच्या शेती उत्पन्नावर कर असावा असे सुचवले. या सूचनेवर ओरड होते तेव्हा पुढे शेतकरी म्हणून आपल्यासारख्यालाच उभे केले जाते. आपण ते होऊ देऊ नये, असे मी कळकळीने सांगतो.


उत्तर: मूळचा बुलढाण्याचा, सध्या नागपूर

मी आपल्या भाच्यासारखाच पगारदार आहे आणि माझे वडील अजून मेहकर तालुक्यात शेती करतात, त्यामुळे मला दोन्ही घरांचे हिशेब दिसतात. पगार खात्यावर येण्यापूर्वीच त्यातून कर कापला जातो, आणि उरलेल्या पैशातून जे घेतो त्यावर पुन्हा जीएसटी लागतो. लपवण्याची सोय नाही आणि माझी तशी इच्छाही नाही. माझी खंत वेगळी आहे. माझ्या ओळखीच्या एका धनिकाने गावाकडे पंधरा एकर घेतले आहेत. त्या वावरात तो वर्षातून दोनदा जातो, आणि आपल्या धंद्यातली मिळकत शेतीची म्हणून दाखवतो. तो माझ्या वडिलांच्या रांगेत उभा राहून सूट घेतो.

भाच्याला एक गोष्ट सांगावी. २०२५-२६ या वर्षापासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर द्यावा लागत नाही, पगारदाराला तर पावणेतेरा लाखांपर्यंत. म्हणजे महिना लाख रुपये मिळवणारा नोकरदारही आता प्राप्तिकर भरणारा राहिलेला नाही. त्याला कोणी फुकटखाऊ म्हणत नाही आणि म्हणूही नये. मग वर्षाकाठी लाखभरही हाती न लागणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला तो शब्द का लावावा? २०१९ मध्ये कंपन्यांचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणला गेला, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला आणि वारसाहक्काने मिळणाऱ्या मालमत्तेवरचा कर तर १९८५ मध्येच गेला. पगारदार आणि शेतकरी यांनी एकमेकांच्या ताटात पाहण्यापेक्षा या तीन निर्णयांबद्दल एकत्र विचारणा करावी, असे मला वाटते.


उत्तर: ग्रामरोजगार सेविका, यवतमाळ जिल्हा

सर्व दादांनी चांगले लिहिले आहे, पण एवढ्या चर्चेत ज्या बाईने ती पऱ्हाटी वेचली तिचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून लिहिते.

आमच्या गावातली एक भूमिहीन मजूर बाई परवा माझ्याकडे मोबाइलवर रिचार्ज मारून घ्यायला आली होती. मुलगा पुसदला वसतिगृहात शिकतो, त्याच्याशी बोलण्यासाठी तिला फोन लागतो. तिने लुगड्याच्या कनवटीतून २९९ रुपये मोजून दिले. त्यात १८ टक्क्यांप्रमाणे ४५ रुपये ६१ पैसे कर होता. तेवढेच रिचार्ज जिल्ह्याचा मोठा अधिकारी करील तर त्याच्याकडूनही ४५ रुपये ६१ पैसेच जातील. अधिकाऱ्याला ते जाणवणारही नाहीत. तिच्यासाठी तो चार-पाच किलो कापूस वेचल्याचा मोबदला आहे, म्हणजे कंबरेला ओटी बांधून दिवसाचा चांगला काही वेळ वाकून केलेले काम. मी तिला सांगितले की तू आत्ता सरकारला कर भरलास. ती म्हणाली, "बाई, मी कशाची कर भरते, माझ्याजवळ वावर कुठे आहे?" पूर्णाकाठच्या काकांना निदान बिल तरी पाहता आले. तिच्याजवळ बिलही नाही आणि आपण कर भरतो ही जाणीवही नाही. ज्याला आपण पैसे दिले हेच माहीत नसते, तो हिशेब कसा मागणार?

तरीही शहरातला कर गावात आला की काय घडू शकते, हे महाराष्ट्राने एकदा करून दाखवले आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला आणि १९७९ पासून रोजगार हमी हा कायद्याने हक्क झाला. शहरातला पगारदार महिन्याला जो व्यवसाय कर देतो, वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये, तो दुष्काळात दगड फोडणाऱ्या बाईच्या मजुरीसाठी म्हणून बसवला गेला होता. माझी आई त्या कामांवर जात होती, आमच्या गावचा पाझर तलाव त्या मजुरीतून झाला आहे. कोणाकडून घ्यायचे आणि कशासाठी घ्यायचे, हे त्या कायद्यात दोन्ही टोकांना स्पष्ट होते. काकांच्या भाच्याच्या पगारपत्रकावर हा कर आजही छापलेला असेल. ती ओळ दाखवून त्याला ही गोष्ट सांगावी, त्याला आपल्या कराबद्दल बरे वाटेल.


उत्तर: धानपट्टा, भंडारा जिल्हा

मी पाच वर्षे सरपंच होतो, म्हणून घरपट्टीच्या सुटीबद्दल वहिनींनी विचारलेल्या प्रश्नाबद्दल लिहितो. त्या प्रश्नाला बगल देऊ नये असे मला वाटते, कारण केंद्राचे आणि राज्याचे कर आपल्या आवाक्याबाहेर असले तरी घरपट्टी आपल्यासमोर ठरते आणि आपल्यासमोरच खर्च होते.

पदावर आल्यानंतर पहिल्या महिन्यात मी नमुना ९ ची मागणी नोंदवही घरी नेली आणि थकबाकीदारांची नावे एकेक करून वाचली. मला वाटले होते की विधवा, अपंग आणि मजूर यांचीच नावे पुढे येतील. तसे निघाले नाही. कवेलूच्या घरात राहणारी एक म्हातारी दर वर्षी मार्चमध्ये पदराच्या गाठीतून घामाने ओलसर झालेल्या नोटा काढून पावती घेऊन जात होती. सर्वांत मोठ्या रकमा मात्र स्लॅबची घरे असलेल्या आठ-दहा घरांकडे होत्या, आणि त्यांतले दोघे तर पूर्वी ग्रामपंचायतीचे सदस्य राहिलेले होते. त्यांना भरणे अशक्य नव्हते. न भरल्याने काही बिघडत नाही, हे त्यांना अनुभवाने कळलेले होते.

२०१५ च्या अखेरीस नियम बदलून घरपट्टी भांडवली मूल्यावर आकारण्याची पद्धत आली, त्यामुळे मातीच्या घराला कमी आणि पक्क्या घराला जास्त कर लागतो. ऐपतीचा विचार आकारणीत आला ही चांगली गोष्ट झाली. पण वसुलीत तो विचार नसेल तर आकारणीतला न्याय वाया जातो. सरसकट निम्मी सूट देताना ज्याला भरता आले नाही तो आणि ज्याने भरले नाही तो, हे दोघे एकाच ओळीत बसतात. पहिल्याला पूर्ण माफी दिली असती तरी माझी हरकत नसती. दुसऱ्याला एक रुपयाचीही सूट नको होती. पूर्णाकाठच्या दादांसारख्या नियमित भरणाऱ्यांच्या पैशावर त्या घरांसमोर दिवे लागले आणि नळाला पाणी आले, हे त्या घरांतल्या लोकांनाही माहीत आहे. वहिनींनी चूक केली नाही. चूक सूट ठरवणाऱ्यांनी केली, आणि ते त्यांना ग्रामसभेत सांगण्याचा अधिकार वहिनींना आहे.

आमच्याकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आपण ऐकले असतील. कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले ते तलाव गावच सांभाळत असे. ज्याच्या धानाला पाणी जाई तो गाळ काढायला आणि पाळीची दुरुस्ती करायला माणूस पाठवी. मालगुजारीत, म्हणजे मालगुजाराने गावाचा सारा गोळा करण्याच्या पद्धतीत, अन्याय पुष्कळ होता, तो काळ परत यावा असे मी चुकूनही म्हणणार नाही. ३१ मार्च १९५१ ला ती पद्धत गेली, तलाव सरकारजमा झाले, पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आले. आता पाणीपट्टीची मागणी कागदावर येते, पण पाट फुटलेला असतो आणि तलावात बेशरमीची झाडे माजलेली असतात. माझ्या गावातल्या पाटाच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांनी पाणीपट्टी भरणे थांबवले तेव्हा त्यांना थकबाकीदार म्हणताना माझीच जीभ अडखळली, कारण त्यांच्या बांधीपर्यंत पाणी पोचलेच नव्हते. त्यांचे प्रकरण आणि स्लॅबच्या घरांचे प्रकरण वहीत एकाच रकान्यात दिसते.

मी दुसऱ्या वर्षी एक केले. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत थकबाकीची यादी रकमेच्या उतरत्या क्रमाने मोठ्याने वाचायला लावली आणि त्याच बैठकीत वर्षभराच्या खर्चाचा कागदही वाचला. भांडण झाले, दोघे जण सभा सोडून गेले. पण मार्चपर्यंत त्या मोठ्या घरांपैकी चार घरांचे पैसे आले, आणि मिळालेल्या पैशातून काय करायचे यावर पहिल्यांदाच बायका बोलल्या.


प्रश्नकर्त्याचे उत्तर: पूर्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल भाच्याला फोन करून मी हे सारे वाचून दाखवले, त्याला तासभर लागला. व्यवसाय कराची ओळ त्याच्या पगारपत्रकावर आहे, महिना २०० रुपये. तो कशासाठी बसवला हे त्याला ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. युरियाच्या अनुदानाबद्दल हिंगणघाटच्या भाऊंनी जे लिहिले ते मी त्याला आधी सांगितले, कारण ते त्याच्या बाजूचे होते. मग तो स्वतःहून म्हणाला की, "मामा, बिलांचे फोटो पाठवा, मी माझा खर्चाचा हिशेबही मांडून पाहतो, शेकड्याला किती जातो ते दोघांचे ताडून बघू." फोटो मी आज पाठवले.

सेविकाताई, आपण लिहिलेले वाचून मी खजील झालो. माझ्या वावरात यंदा वेचणीला सहा बाया होत्या. माझ्या २,३७७ रुपयांचा हिशेब करताना त्या माझ्या मनातही आल्या नाहीत.

तुमच्या वहिनींचा, म्हणजे सौभाग्यवतीचा, निरोप धानपट्ट्याच्या दादांसाठी आहे: ती २६ जानेवारीला ग्रामसभेला येणार आहे आणि थकबाकीची यादी वाचायची मागणी ती स्वतः करणार आहे. मी सोबत असेन, पण बोलणार ती.

हिंगणघाटच्या भाऊंना एक विचारायचे राहिले. ११,८०० रुपयांच्या औषधांपैकी दोन खरेदींचे मला पक्के बिल मिळाले नाही. उधारीवर माल घेतला म्हणून दुकानदाराने वहीच्या पानावर रक्कम लिहून दिली, ती मी छापील किमतीवरून करासह धरली आहे. तो कर माझ्या खिशातून तर गेला. तो पुढे सरकारात जमा झाला की नाही, हे मला कुठे आणि कसे कळेल?